आई व्हायचे छत्तीस तास

बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण छत्तीस तासांत आपली आई कोण ते ठरवून टाकतं. समोर जे पहिलं हालेल आणि आवाज करेल, ती आई. मग ती बदकीण असो, बादली असो की माणूस. एकदा ठरलं की ठरलं, अपील नाही. माणसाला एवढ्याच कामासाठी रेशनकार्ड लागतं. शास्त्रात याला शिकण्याची खिडकी म्हणतात. ती उघडी आहे तोवर काय ते आत सरकवा, नंतर ती बंद होते आणि पुन्हा उघडत नाही. सरकारी खिडक्या निदान जेवणाच्या सुट्टीनंतर तरी उघडतात.

ही माहिती मी सांगलीतल्या एका खाजगी क्लासमध्ये वर्षातून दोनदा फळ्यावर लिहून देतो. तिथे मला व्ही. एन. सर म्हणतात. खरं नाव वीरधवल, घरी वीरू म्हणतात. नाव ठेवताना घरच्यांनी माझ्या वजनाचा अंदाज जरा जास्तच घेतला होता. आता ते बावन्न किलोवर स्थिर आहे.

आमचं गाव आष्ट्याच्या जरा अलीकडं. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोयाबीनवर गोगलगायी आल्या. रात्रीतून त्यांनी दोन वाफे असे साफ केले की आप्पांना, म्हणजे माझे वडील नाथाजी यांना, आधी वाटलं आपण पेरायलाच विसरलो. यंदा आप्पा मीठ, चुना आणि शिव्या यांची तयारी करून बसले होते. तेव्हा मी जेवताना म्हणालो, "आप्पा, बदकं गोगलगाय खातात."

"मग?"

"बारा बदकं अंड्यातून काढायची. जन्मल्यापासून मी त्यांच्यासमोर बसायचं. ती मला आई समजणार. मग रोज सकाळी मी रानातनं पुढं चालायचं, ती मागनं खात येणार. औषध नाही, मजूर नाही."

आप्पांनी भाकरीचा घास तसाच धरून माझ्याकडं पाहिलं. "तीस वर्साचा घोडा झालास. लगीन न्हाई, काय न्हाई. आन आता आई व्हतोस व्हय?"

मी अठ्ठावीसचा आहे. पण तो मुद्दा तिथे नव्हता. मुद्दा असा होता की आजवर मी घरात सुरू केलेली अळंबी, गांडूळखत आणि गच्चीवरची स्ट्रॉबेरी या तिन्ही गोष्टी वारल्या होत्या. आप्पांनी स्वच्छ सांगितलं, "ही शेवटची. ह्यात सोयाबीन वाचलं तर वाचलं. न्हाईतर पुन्हा माझ्या रानात तुजी अक्कल आणायची न्हाई." मला ही अट मान्य होती. आता वाटतं, जरा ताणून धरायला हवं होतं.

अंडी मिळाली. ती उबवायची कशी यावर गावात मतं मागवली नव्हती, तरी आली. कृष्णात गिरणीवाला म्हणजे आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. गिरणीच्या आवाजात सगळ्यांचे तंटे ऐकू न येणं ही त्याची पात्रता. त्याने पट्टा थांबवून सांगितलं, "वीरू, खुडूक कोंबडीखाली ठिव. म्हसवडला माझ्या साडूनं तसंच केल्तं."

"मग काय झालं?"

"कोंबडी इकविसाव्या दिशी उठली आन गेली. बदकाला अठ्ठावीस दिस लागत्यात. तिला कोण सांगणार?"

"मग साडूनं काय केलं?"

"साडू बसला की सात दिस."

पुढे साडूचं काय झालं ते मी विचारलं नाही. मी थर्माकोलचा डबा, चाळीसचा बल्ब आणि तापमापी घेऊन घरच्या घरी यंत्र बनवलं. गुरुवारी सकाळी अंडी ठेवायची असं ठरवून भिंतीवर तक्ता लावला. गुरुवारी उठून पाहतो तर बल्ब पेटलेला आणि बाराही अंडी आत. आई म्हणाली, "तू झोपला हुतास. आत्ताच ठिवली." मला गहिवरून आलं. घरात निदान एका माणसाला विज्ञानात रस आहे.

विज्ञानात रस वगैरे काही नव्हता. त्या गुरुवारी अमावस्या होती. अवसेला अंडी बसवत नाहीत, पिल्लं आंधळी होतात, असं आईला तिच्या आईने सांगितलेलं. म्हणून तिने आदल्या दिवशी, बुधवारी भल्या सकाळी, मी क्लासला गेल्या गेल्या अंडी बसवली होती. त्या रात्री डबा मी उघडला नाही, कारण आईने त्यावर घोंगडं टाकलेलं. आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिने ते सांगितलंच नाही. आमच्या घरात माणसाला वाईट वाटू नये म्हणून जेवढं नुकसान होतं, तेवढं शत्रूंनी केलेलं नाही.

म्हणजे माझ्या तक्त्याचा सत्ताविसावा दिवस हा बदकांच्या तक्त्याचा अठ्ठाविसावा होता.

त्या सत्ताविसाव्या दिवशी मी तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात होतो. पिल्लांच्या खाद्याची चिठ्ठी हवी होती. ती नोंदणीशिवाय मिळत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आई होणार असल्यामुळे पुढचे छत्तीस तास मला कुठे हलता येणार नव्हतं.

खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "पक्षी जन्मले का?"

"उद्या जन्मतील."

"मग उद्या या."

"उद्या मी त्यांच्यासमोर बसणार आहे, साहेब. पहिल्या छत्तीस तासांत..." मी सगळं समजावून सांगितलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "ल्योक चांगला हाय, पण येकटा ऱ्हातोय वाटतं."

साहेब मात्र सज्जन. त्यांनी संगणक उघडला. पक्ष्याचा प्रकार या रकान्यात तीन पर्याय होते: कोंबडी, इमू, इतर. "'इतर'ला वरच्या साहेबांची सही लागते," ते म्हणाले. "ते प्रशिक्षणाला गेलेत. कोंबडी टाकली तर लसीकरणाचा दाखला मागतंय. इमूला काहीच मागत नाही. इमू टाकू?"

"पण बदकं आहेत."

"दोन पाय आहेत ना?"

अशा रीतीने मी बारा इमूंचा मालक झालो. साहेब शिक्का मारत असतानाच आईचा फोन आला.

"वीरू, पिल्लं झाली बरं का! बाराच्या बारा. येक बी आंधळं न्हाई."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. "कधी?"

"धापासनं सुरू हाईत. आत्ता शेवटचं निगालं."

"तू समोर बस! हलू नको. नाही, हल! थोडी हल. आणि आप्पांना लांब ठेव."

पलीकडे जरा शांतता पसरली. मग आई म्हणाली, "हितं न्हाईत ती. सुखरूप हाईत पर."

ही शांतता समजून घ्यायची तर मानसिंग तात्या माहीत हवेत. तात्या म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचं घर आमच्या घराला लागून, रान आमच्या रानाला लागून. मधल्या परड्याला एक भिंत आणि मधल्या रानाला एक बांध. अकरा वर्षांपूर्वी तो बांध दीड हात सरकला. कुणाकडून कुणाकडे, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे: आपल्याकडून समोरच्याकडे. तेव्हापासून आप्पा आणि तात्या एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आप्पांनी तर देवळाच्या पारावर शब्द दिलेला, "आमच्या दारातलं जित्राब बी त्येच्या दारात जाणार न्हाई, आन त्येचा पाय माझ्या रानात पडणार न्हाई." बायका त्या बैठकीला नव्हत्या. त्यामुळे तो ठराव आपल्याला लागू नाही असा आईचा आणि तात्यांच्या बायकोचा, म्हणजे बनुकाकीचा, कायदेशीर दृष्टिकोन होता. परड्याच्या भिंतीवरून कालवणाच्या वाट्या अकरा वर्षं बिनबोभाट ये-जा करत होत्या.

त्या दिवशी सकाळी दहाला लाईट गेली. अंड्यांना तडे गेलेले, बल्ब विझलेला. बनुकाकीकडे इन्व्हर्टर. आईने डबा भिंतीवरून काकीकडे दिला. काकीने तो वायरला जोडला, आणि अकराला तिची बचत गटाची मिटिंग असल्यामुळे तात्यांना म्हणाली, "जरा ह्येच्याकडं बघा." फौजी माणसाला 'बघा' म्हटलं की तो बघतो. तात्यांनी खुर्ची आणली, समोर ठेवली आणि बघितलं.

मी जी बस मिळाली ती धरली. तीसुद्धा वाटेत एका वरातीमागं अडकली. वरात नवरदेवाची नव्हती, नव्या ट्रॅक्टरची होती. त्याच्यापुढे हलगी वाजत होती आणि लोक नाचत होते. मी खिडकीतून ओरडलो, "बाजूला घ्या, माझी पिल्लं जन्मलीयत!" नाचणाऱ्यांनी मला खाली उतरवून गुलाल लावला. त्यात माझे अडीच तास गेले.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. परड्याच्या भिंतीवरून डोकावलो. तात्या परड्यात येरझाऱ्या घालत होते. खाकी हाफपँट, पांढरा बनियन, पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट. त्यांच्या मागे बारा पिवळे गोळे सरळ ओळीत. तात्या भिंतीपाशी आले, टाच आपटून वळले. बारा गोळे वळले. सहाव्याचा तोल गेला, तो पडला, उठला, ओळीत आला.

"शाब्बास," तात्या म्हणाले. "गिर गया तो क्या हुआ. आगे बढ़."

फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. मुलगा पुण्याला, मुलगी साताऱ्याला. घरात हुकूम सोडायला उरली एक बनुकाकी, आणि ती सेवाज्येष्ठ. बारा जण असे बिनशर्त मागे चालताना त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिले असावेत. चेहऱ्यावर ते दिसू नये म्हणून ते फार कडक चेहरा करून चालत होते.

मी हिशोब केला. आठ तास गेले, अठ्ठावीस उरले. अजून खिडकी बंद नव्हती. तात्या आंघोळीला गेल्यावर काकीने डबा गुपचूप भिंतीवरून परत दिला. मी क्लासला कळवलं, "घरी बाळंतपण आहे." सगळ्यांनी अभिनंदन केलं, कुणाचं ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी डब्यापुढे उकिडवा बसलो. हाललो. आवाज केला. आधी शास्त्रशुद्ध "क्वॅक" केलं, मग घरगुती "प्याक" केलं. बारा पिल्लांनी माझ्याकडे पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी फिरून भिंतीच्या बाजूला गेलो. त्यांनी माझ्या पायांमधून भिंतीकडं पाहिलं. मी पिवळा शर्ट घातला. आईने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. कृष्णात येऊन बघून गेला आणि म्हणाला, "तू लय बारीक हायस. त्यास्नी वाटत आसंल, ह्योच अजून अंड्यातनं आला न्हाई."

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. साधा, घसा साफ केल्यासारखा. की बाराच्या बारा उठून भिंतीवर डोकं आपटायला धावायची. तात्यांना सर्दी नव्हती. मी त्या दिवशी मोजलं, एक्केचाळीस वेळा ते खोकले. शेवटी शेवटी तर त्यात चाल यायला लागली होती.

रात्री दहाला छत्तीस तास संपले. खिडकी बंद झाली. मी बाहेरच राहिलो.

आप्पांना अजून काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चूळ भरता भरता विचारलं, "ही भिताडाकडं तोंड करून का बसल्यात रं? रुसल्यात व्हय?" आणि पलीकडून खोकला आला. पिल्लं धावली. आप्पांनी चूळ गिळली.

पुढचा अर्धा तास मी इथे लिहीत नाही. त्यात अळंबीचाही उल्लेख झाला. शेवटी आप्पांनी हुकूम सोडला, "मेली तर मेली. पर भिताडापल्याड जाणार न्हाईत."

पिल्लं खरोखरच मरायला लागली. म्हणजे ती खातच नव्हती. भरडा समोर, पाणी समोर, आणि ती भिंतीकडे बघत चिवचिवत होती. दुपारपर्यंत आवाज बारीक झाला. सहावं, ते पडणारं, मान टाकून बसलं. मी ते तळहातावर घेतलं. त्याचं वजन काहीच नव्हतं, नुसती धडधड होती. तेवढ्यातही त्याने मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. आतापर्यंत मी या प्रकल्पाचा प्रमुख होतो. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं की ते मरू नये.

आप्पा ओसरीवर बसून हे बघत होते. मग ते उठले आणि कुणालाही उद्देशून नाही असं मोठ्यानं म्हणाले, "मी जरा तंबाखू आणाय चाललोय. यायला तास लागंल." तंबाखूची डबी त्यांच्या हातात होती, भरलेली. आईने तोवर डबा भिंतीवर ठेवलाही होता.

पलीकडून तात्यांचा आवाज आला, "खाना खाओ. जल्दी." आणि बारा चोचींचा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा टकटकाट.

पण अधिकृतरीत्या आप्पांना हार मान्य नव्हती. त्यांनी तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला: आमच्या मालकीचे बारा पक्षी प्रतिपक्षाने फितवले आहेत. सुनावणी देवळापुढच्या मैदानात झाली. कृष्णातने निवाड्याची पद्धत सांगितली: एका टोकाला मी उभा राहायचं, दुसऱ्या टोकाला तात्या, मध्ये बदकं सोडायची. गाव जमलं. मी हात पसरले आणि सगळ्या गावादेखत "प्याक" केलं. माझ्या एका विद्यार्थिनीचं, साक्षीचं, ते आजोळ आहे आणि ती सुट्टीला आलेली आहे, हे मला "प्याक" करून झाल्यावर दिसलं.

तात्यांनी काहीच केलं नाही. ते नुसते उभे राहिले, 'आरामसे'. बदकं त्यांच्या बुटांवर जाऊन बसली.

कृष्णातने निकाल दिला, "मालकी नाथाजीची. ताबा मानसिंगाचा. वीरूनं रविवारी भेटाय जावं." टाळ्या झाल्या. गेल्या चार वर्षांत समितीने निकालात काढलेला तो पहिला तंटा होता, त्यामुळे फोटोही काढला. फोटोत मी रविवारी भेटायला जाणाऱ्या माणसासारखाच दिसतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी इमूंची तपासणी आली. मोटरसायकलवरून एक अधिकारी, हातात सहा फुटी टेप. कुंपणाची उंची मोजायची होती. मी त्यांना तात्यांच्या परड्यात नेलं. त्यांनी बदकांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा बदकांकडे पाहिलं.

"हे इमू आहेत?"

"कागदावर आहेत," मी म्हणालो.

त्यांनी बराच विचार केला. "कागद खोटा ठरवायचा तर मला वर लिहावं लागेल. पक्षी खोटा ठरवायला काही लागत नाही." आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'बारा इमू आढळले. वाढ अत्यंत खुंटलेली. मालकास समज दिली.' मग मला समज दिली. मी ती घेतली.

जुलै उजाडला, पाऊस झाला, सोयाबीन चार बोटं वर आलं. आणि गोगलगायी आल्या. या वेळी त्या नातेवाईक घेऊन आल्या होत्या.

तात्या रोज सकाळी सहाला आपल्या रानात उतरायचे. अंगात हिरवा रेनकोट, डोक्यावर कानटोपी, पायात गमबूट, मागे बारा तरणी बदकं. "दाहिने देख!" म्हटलं की बदकं उजव्या सरीत घुसायची. दहा दिवसांत त्यांचं सोयाबीन असं झालं की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. बांधापर्यंत सगळं हिरवंगार. बांधाच्या अलीकडे आम्ही. आमच्याकडे पानांची जाळी आणि त्यावर चंदेरी रेघा. बदकं बांधापर्यंत यायची, आमच्या बाजूच्या लठ्ठ गोगलगायींकडे बघून माना लांब करायची, पण तात्या वळले की वळायची. तात्यांचा पाय आमच्या रानात पडणार नव्हता. तसा आप्पांचाच शब्द होता.

आप्पा रोज बांधावर उभे राहून हे बघत. अकराव्या दिवशी त्यांनी घसा खाकरला आणि बदकांकडं बघून बोलायला सुरुवात केली.

"काय गं बदकांनू, बरं चाललंय न्हवं?"

बदकांनी उत्तर दिलं नाही. तात्याही थांबले, आभाळाकडे बघत.

"हिकडं बी लय माल हाय," आप्पा बदकांना म्हणाले. "तुमच्या आईला म्हनावं, मालकी आमचीच हाय. उपाशी ऱ्हाऊ नगा."

तात्या आभाळालाच म्हणाले, "बदकांनू, त्यास्नी सांगा, आपल्याला त्या रानात पाय टाकायची बंदी हाय. पारावर ठरलंय."

"बदकांनू, म्हनावं, बंदी मानसाची हाय. गमबुटाची न्हाई."

तात्यांनी आपल्या गमबुटांकडं पाहिलं. फौजेत आलेला लेखी हुकूम वाचावा तसं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बाएँ मुड़," आणि बांध उतरून आमच्या रानात आले. आप्पा त्याच क्षणी पाठमोरे झाले, म्हणजे त्यांनी काही पाहिलं नाही. पाठमोरं उभं राहून ते मला दबक्या आवाजात विचारत होते, "खात्यात का? बघ की. खात्यात का?"

खात होती. आठ दिवस हे चाललं. दोघे बदकांमार्फत बोलत होते. बदकांना त्या आठ दिवसांत खताचे भाव, गुडघेदुखी, पुण्याच्या सुनेचा स्वभाव असं बरंच काही ऐकावं लागलं. अर्धं रान साफ झालं होतं.

आणि नवव्या दिवशी तात्यांना साताऱ्याला जावं लागलं. मुलीकडं नातीचं बारसं होतं, तीन दिवस. बदकांनी पहिल्या दिवशी संपूर्ण बंद पाळला. खाल्लं नाही, हालली नाहीत. तात्या साताऱ्याहून दर दोन तासांनी फोन करून खोकत होते, बदकांसाठी मागं राहिलेली काकी फोन त्यांच्यापुढे धरायची. तेवढ्यापुरती ती खायची. पण फोन रानातनं चालवत नेता येत नव्हता, कारण रानात रेंज नाही. आणि उरलेल्या अर्ध्या रानात गोगलगायींनी जेवणावळी मांडल्या होत्या. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर त्या रानात काही उरलं नसतं, आणि माझ्या अकलेलाही ते कायमचं बंद झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुकाकीने भिंतीवरून हिरवा रेनकोट, कानटोपी आणि गमबूट दिले. "घालून बघ, वीरू."

मी घालून पलीकडे गेलो. रेनकोट घोट्यापर्यंत आला, बूट जागेवरच राहिले आणि मी आतल्या आत पुढे गेलो. बदकांनी एकदा मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा पंखात खुपसली. एवढा सविस्तर अपमान माझा मनुष्यप्राण्यानेसुद्धा केलेला नाही.

आई आप्पांकडं बघायला लागली. काकीही बघायला लागली. आप्पा आणि तात्या एकाच आज्याचे नातू. तेच खांदे, तीच मान, उजवा पाय जरा फेकत चालायची तीच खोड.

"माझ्याकडं काय बगताय?" आप्पा म्हणाले. "मी त्येचा अंगरखा घालू? जीव गेला तरी."

"जीव जाऊ दे, सोयाबीन चाललंय," आई म्हणाली. "आन वीरूला तुमीच म्हनला हुतासा, ही शेवटची. मग शेवट तरी नीट करू द्या त्येला."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून रेनकोटात उभा होतो. काय दिसलं त्यांना कोण जाणे. ते म्हणाले, "काड ते. वल्ल्या मांजरावानी दिसतंय."

आप्पा रेनकोट घालून, कानटोपी नाकापर्यंत ओढून तात्यांच्या परड्यात गेले. अकरा वर्षांनी त्या दारात त्यांचा पाय पडला, तोही दुसऱ्याच्या बुटात. बदकांनी माना वर केल्या. आप्पा खोकले. बदकं उभी राहिली. आप्पांना घाम फुटला. "आता काय म्हनू रं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मी सांगितलं. आप्पा आयुष्यात कधी हिंदी बोलले नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि ओरडले, "चलो रं बच्चे लोग! आगे बढ्याचं!"

बारा बदकं ओळीत लागली.

पुढचा तासभर आप्पा रानातून फिरत होते. "दाहिने देखो की! आवं ती मोठी खावा, तिकडची, व्हय!" बदकं सरी सरी साफ करत होती. मी आणि आई बांधाच्या या टोकाला उभे. आणि त्या टोकाला, हातात बॅग, अंगावर बारशाचा कडक इस्त्रीचा सदरा, तात्या उभे होते. बारसं आटपून एक दिवस आधीच निघून आले होते. बदकांशिवाय त्यांना तिथं झोप लागत नव्हती, असं नंतर काकीकडून कळलं.

ते आपल्याच रेनकोटाकडे बघत होते. तो रेनकोट आमच्या रानात वाकडातिकडा चालत होता आणि भलतीच हिंदी बोलत होता. मला वाटलं, आता काहीतरी होणार. तात्यांच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांनी बॅग खाली ठेवली. छाती भरून घेतली.

"नाथा!"

आप्पा जागच्या जागी थिजले. बदकंही.

"डावा पाय आदी टाक रं, डावा! सगळी पलटण बिघडवलीस!"

 एका बदकाने तेवढ्यात एक गोगलगाय खाल्ली. मग आप्पांनी कानटोपी वर सरकवली आणि म्हणाले, "मग खाली यिऊन दाव की. वर हुबं राहून कुणी बी सांगतंय."

तात्या इस्त्रीच्या सदऱ्यानिशी चिखलात उतरले. आता बदकांपुढे दोन आया होत्या. एक तोंडावरून आई आणि एक रेनकोटावरून. ती कधी इकडे बघत, कधी तिकडे. याबद्दल शास्त्रात काय लिहिलंय ते मला कुणी विचारलं नाही. तात्यांनी आप्पांच्या शेजारी उभं राहून डावा पाय उचलला, आप्पांनीही उचलला. पुढं कुणी व्हायचं यावर दोघांचं पटणं शक्यच नव्हतं, म्हणून ते खांद्याला खांदा लावून चालायला लागले. त्यांच्या मागे बारा बदकं, दोन ओळींत.

त्यांच्या मागे मी. बदकांच्या पाण्याची बादली धरायला कुणीतरी लागतंच. एकदा सहावं थांबलं, मागे वळलं. मी पटकन खाली वाकून हळूच "प्याक" म्हणालो. त्याने माझ्या पायापाशी असलेली गोगलगाय उचलली आणि ते पुढे गेलं.